गणिताचा तिसरा भाग

बदनापूरला ठेसनाच्या अंगाला कापसाची एक जिनिंग होती. तिथल्या काट्यावर रामराव कारकून होते. उषाबाई लग्न होऊन त्यांच्या घरी आली तेव्हा तिला अक्षराची ओळख नव्हती. रामरावांनीच तिला शिकवलं. जिनिंगवरून आले, हातपाय धुतले, की चुलीपुढं बसायचे आणि गार राखेत बोटानं अक्षर काढायचे. सासू तोंडाला पदर लावून हसायची, शेजारणी नावं ठेवायच्या. रामराव म्हणायचे, ठेवू दे नावं, तू गिरव. असा नवरा आपल्या माहेरच्या कुठल्याच पोरीला मिळाला नाही हे उषाबाईला पक्कं ठाऊक होतं. पण दृष्ट लागेल म्हणून ती ते बोलून दाखवायची नाही.

पुढं सासू गेली. घरात दोन मुली झाल्या, थोरली सुंद्रा आणि धाकटी कौसा. गावात सरकारी शाळा होती, तिला मदरसा म्हणायचे; पण ती पोरांची, आणि शिकवणं सगळं उर्दूत. मुलींना पाठवायचं तर कुठं, असा प्रश्न आला तेव्हा रामरावच म्हणाले की घरीच शिकवू. वाचणं-लिहिणं उषाबाईनं शिकवावं, तिला ते आता चांगलं येत होतं. गणिताचं मात्र दोघांनाही कोडं पडलं. उषाबाईला वीसापर्यंत पाढे यायचे, तेही ऐकून ऐकून. रामरावांना काट्यावरचा हिशोब तोंडपाठ, पण तो शिकवायचा कसा, हे त्यांना सांगता येईना.

आधी त्यांनी धावड्याच्या रामकिसन पंतोजीला विचारून पाहिलं. तो गावोगाव हिंडून पोरांना पाढे, पावकी, निमकी घोकून घ्यायचा. त्याला घरी ठेवायचं, जेवू घालायचं आणि सुगीला धान्य द्यायचं. दोन दिवस त्यानं ओट्यावर बसून मुलींकडून पाढे म्हणवून घेतले. सूर छान लागला. तिसऱ्या दिवशी उषाबाईनं सुंद्राला विचारलं, बे चोक आठ म्हंजी काय गं? सुंद्रानं पुन्हा तेच सुरात म्हणून दाखवलं. उषाबाईनं पंतोजीला भाकरी बांधून दिली आणि हात जोडले.

मग दोघं मिळून रेल्वेनं जालन्याला गेली. मुलींना शेजारच्या मैमूनाकडं ठेवलं होतं. बाजारात महेबूबभाईंचं दुकान होतं. पाट्या, बोरू, शाई, उर्दूची किताबं, मराठीची पुस्तकं, सगळं तिथं मिळायचं. महेबूबभाईंनी उषाबाईला बसायला पोतं झटकून दिलं आणि गणिताची पुस्तकं पुढ्यात ठेवली. एक मुंबईहून आलेलं, जाड कागदाचं, रंगीत चित्रांचं. त्याची उत्तरं वेगळ्या पुस्तकात आणि ते पुस्तक वेगळं विकत घ्यायचं. दुसरं चार भागांत होतं. खरखरीत कागद, बारीक टाईप, चित्राचं नाव नाही, पण उत्तरं शेवटी त्यातच.

रामराव चित्रांच्या पुस्तकावर हात फिरवत होते. परवडणारं नव्हतंच, तरी त्यांना ते सोडवेना. उषाबाईनं दोन्ही पुस्तकांत एकच धडा काढला, हातचा घेण्याचा. तिला स्वतःला कधी तो कळला नव्हता. मुंबईच्या पुस्तकात लिहिलं होतं की बेरीज दहाच्या वर गेली की एक हातचा घ्यावा. का घ्यावा, ते नव्हतं. खरखरीत पुस्तकात लिहिलं होतं की काड्या घ्या, दहा झाल्या की त्यांची मोळी बांधा, आणि मोळी शेजारच्या घरात ठेवा; सुट्या काड्या आणि मोळ्या एकत्र राहत नाहीत. उषाबाईनं तो धडा पुन्हा वाचला. भर दुकानात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी साधी गोष्ट होती आणि ती आजवर कुणी सांगितली नव्हती.

"हेच घ्यायचं," ती म्हणाली. "स्वस्त हाये म्हणून न्हाई. ह्यो लिहिणारा माणूस समजावून सांगून राह्यलाय, दटावून न्हाई."

रामरावांनी पहिला आणि दुसरा भाग घेतला. तिसरा-चौथा लागेल तसा नेऊ म्हणाले. गाडीत ते सगळ्या वाटेनं हसतमुख होते. जिनिंगवर त्यांनी दहा जणांना सांगितलं की आमच्या घरच्या बाईनं दुकानात बसून पुस्तक पारखलं.

मग घरात शाळा सुरू झाली. दुपारची भांडी झाली की उषाबाई ओसरीत बसायची, दोन मुली समोर. तुरकाट्या तोडून त्यांच्या मोळ्या बांधल्या. रामरावांनी जिनिंगवरून पिशवीभर सरकी आणली, ती मोजायला झाली. पहिल्या पहिल्यांदा उषाबाई अडायची तेव्हा सांजेला रामरावांना विचारायची, आणि ते भाकरी खाता खाता समजावून द्यायचे. पण पुस्तक खरंच चांगलं होतं. जसजसे धडे पुढं गेले तसतसं विचारायची गरज पडेनाशी झाली. मायलेकी मिळूनच उलगडायच्या. रामराव सांजेला आले की तिघींचं काहीतरी चाललेलं असायचं, सरकी मांडलेली, पाटीवर आकडे. ते आपलं ताट आपणच वाढून घ्यायचे आणि जेवायला बसायचे. हे उषाबाईच्या ध्यानात होतं. त्यांना ते आवडत असेल असंच तिला वाटायचं.

दुसऱ्या भागाच्या शेवटी भागाकार होता. सुंद्रा त्यात रमली. सात भाकरी दोघांत वाटल्या की तीन-तीन आल्या आणि एक उरली. उरलेलीचं काय करायचं, ती विचारू लागली. पुस्तकात शेवटच्या पानावर छापलं होतं, उरलेल्या बाकीचे काय होते, ते तिसऱ्या भागात पाहू.

सुंद्रा दहा वर्षांची होती. तिनं बापाच्या मागं लकडा लावला. रामराव जालन्याला जाऊन आले आणि म्हणाले, तिसरा भाग आला नाही. पुढच्या खेपेला म्हणाले, छापखान्याला कागद नाही, लढाई चालू आहे, सरकार कागद कुणाला देईना. ते खरंच होतं. रॉकेल मिळत नव्हतं, सुई मिळत नव्हती, तिथं कागद कुठला मिळणार. उषाबाईनं मुलींना समजावलं. दुसरा भाग पुन्हा पहिल्यापासून काढला. तोही संपला. मग ती आपल्याच मनानं गणितं घालू लागली, विहिरीच्या बादल्यांची, कापसाच्या बोजांची. बाकीच्या वाटेला मात्र ती जाईना, कारण पुढचं तिलाच येत नव्हतं. भाकरी मोडून अर्धी-अर्धी देता येते हे तिला कळत होतं. तो अर्धा पाटीवर लिहायचा कसा, ते कळत नव्हतं. सुंद्रा हळूहळू विचारायची थांबली. पाटी घेऊन बसायची, पण डोळे दाराबाहेर. असं वर्षभर चाललं.

मग उषाबाईच्या चुलत बहिणीला, पुष्पाबाईला, जालन्यात मुलगा झाला. रामरावांना काट्यावरून सुट्टी नव्हती, म्हणून बारशाला उषाबाई मैमूनाच्या सासूबरोबर गेली. बारसं आटोपल्यावर गाडीला वेळ होता. ती महेबूबभाईंच्या दुकानाकडं वळली. वाटलं, बघावं आला असला तर. नाही तर निदान कधी येतो ते विचारून ठेवावं.

महेबूबभाईंनी तिला ओळखलं. मुली कशा आहेत, शिकताहेत ना, अशी आपुलकीनं चौकशी केली. तिनं तिसऱ्या भागाचं विचारलं तेव्हा ते जरा गोंधळले.

"तिसरा, चौथा, दोन्ही तर साहेब मागच्याच साली घेऊन गेले, बाई. मीच बांधून दिले. हरवले का?"

उषाबाई म्हणाली, हो, हरवले. का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही. परक्या माणसापुढं घरचं झाकावं म्हणून म्हणाली असेल. महेबूबभाईंनी मागच्या फळीवर शोधून तिसऱ्या भागाची एक प्रत काढून दिली. कोपरे मुडपलेले होते. शेवटचीच आहे, चौथा मात्र आता बिलकुल मिळणार नाही, असं ते म्हणाले. बारशात मिळालेल्या खणाच्या घडीत तिनं पुस्तक ठेवलं.

गाडीत बसल्यावर ती नवऱ्याच्या बाजूनं विचार करू लागली. कुणी मागून नेलं असेल, जिनिंगच्या मालकानं आपल्या पोरासाठी घेतलं असेल, नाही म्हणता आलं नसेल. नाहीतर हरवलंच असेल आणि सांगायची लाज वाटली असेल. माणूस हरवतो, त्यात काय. एकेक कारण तिनं स्वतःच काढलं आणि स्वतःच पटवून घेतलं. ठेसनावर उतरेपर्यंत तिनं त्यांना जवळजवळ माफ करून टाकलं होतं.

घरी रामराव ओसरीवर बसले होते. बारसं कसं झालं, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की परवा तुमी जालन्याला गेल्ता, तिसऱ्या भागाचं काही कळलं का.

"कुठलं काय," रामराव म्हणाले. "महेबूबभाई म्हणाले, लढाई सरल्याबिगर न्हाई येणार."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. अडखळला नाही, चढला नाही. राखेत अक्षर काढताना ते ज्या आवाजात बोलायचे, तोच. उषाबाईला वाटलं, ह्या आवाजात ह्यांनी आजवर आणखी काय काय सांगितलं असेल. ती उंबऱ्यावर बसली, खणाची घडी उलगडली आणि पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं.

रामरावांनी पुस्तक उचललं, मुडपलेला कोपरा सरळ केला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. घनसावंगीच्या कडूबा पाटलांचा मुलगा भुजंग. घर चांगलं, गोदावरीकाठची जमीन, माणसं सालस. सुंद्रासाठी त्यांनी वर्षापूर्वीच शब्द टाकला होता. पोरगा गणितात कच्चा होता. मुलगी मुलाच्या पुढं नको, अशी त्या घरची अट होती. म्हणून तिसरा आणि चौथा भाग भुजंगाला नेऊन दिला आणि इथं आला नाही म्हणून सांगितलं. हे सगळं सुंद्राच्या भल्यासाठीच केलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

उषाबाईनं एवढंच विचारलं, "माझ्या पोरीची सोयरीक ठरली, आन मला सांगितलं न्हाई?"

"तू अडून बसली असतीस," रामराव म्हणाले.

ती उठली आणि चूल पेटवायला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ओसरीत तिसरा भाग उघडला. सुंद्रानं तो पाहिला आणि तिला इतका आनंद झाला की कुठून आला हेही तिनं विचारलं नाही. उरलेली एक वर लिहायची, मध्ये रेघ, खाली दोन. सुंद्रानं ते पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पोरगी वर्षभर ह्याच्यासाठी थांबली होती, आणि सगळं पाटीवरच्या एका रेघेचं काम होतं. उषाबाईला तिच्याबरोबर हसता येईना.

घनसावंगीच्या माणसांवर तिचा राग बसला. ज्या घरानं न बघितलेल्या पोरीचं पुस्तक बंद केलं, तिथं पोर द्यायची नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. रामरावांना ती म्हणाली, त्यांना बोलवा, मला त्यांच्या तोंडावर बोलायचं हाये. रामराव टाळत राहिले. सुगी आहे, त्यांचा बैल आजारी आहे, कडूबा गावाला गेलेत. शेवटी ती मंडळी आपणहूनच आली. बदनापूरच्या बाजाराला आलेली बैलगाडी दारात थांबली आणि कडूबा आणि त्यांची बायको गोजरबाई खाली उतरली. रामराव तेव्हा जिनिंगवर होते. मैमूनाच्या पोराला पाठवून त्यांना बोलावणं धाडलं.

गोजरबाई थोराड, संथ बोलणारी बाई होती. ती आत चुलीजवळ येऊन बसली आणि सुंद्राला जवळ घेतलं. उषाबाईनं आधी पाणी दिलं, गूळ दिला, आणि मग स्पष्ट सांगितलं. माझ्या मुलीला अपूर्णांक येतात, त्रैराशिक चालू आहे, चौथा भाग मिळाला की तोही शिकणार. तुम्हाला पुढं गेलेली सून नको असेल तर आत्ताच सांगा, गाडी जुंपलेलीच आहे.

गोजरबाईला आधी काही उमगेना. मग ती म्हणाली, "आमी कवा म्हणलो असं? आमच्या घरात वाटणीच्या वक्ताला एकालाबी हिशोब कळत न्हाई. शिकलेली सून मिळून राह्यली, तर मी नको कशाला म्हणू?"

"मंग ती पुस्तकं?"

"ती तुमच्या मालकांनीच आणली. आमी मागितली न्हाईत. आमच्या पोरीला लई झालंय, हे तुमच्या पोराला द्या, म्हणले. भुजंगानं दोन-चार पानं केली आन ठेवून दिली. त्याला बैलांचा नाद. तुमाला पाहिजे असली तर धाडून देते."

उषाबाई चुलीतला जाळ बघत राहिली. पहिल्या दिवसापासून तिनं जेवढं माफ केलं होतं आणि जेवढा राग दुसऱ्यांवर टाकला होता, ते सगळं परत फिरून एकाच माणसाशी येऊन थांबलं. अट कुणाची नव्हतीच. पोरीला थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं.

गोजरबाईला तिचं तोंड बघून काय ते कळलं असावं. तिनं पुढं काही विचारलं नाही. जाताना म्हणाली की आम्हाला घाई नाही, पोरीचं पुस्तक होऊ द्या, आणि तुमचं मन झालं तर निरोप धाडा. नाही झालं तरी पुस्तक धाडीनच.

रामराव गाडी गेल्यावर पोचले. जिनिंगवरून ते मुद्दाम उशिरा निघाले हे उषाबाईला कळत होतं. अंगणात बाजेवर ते बसले. मुलींना तिनं मैमूनाकडं धाडलं होतं.

"त्यांनी काय बी अट घातली नव्हती," ती म्हणाली.

रामराव अंगरख्यावरचे कापसाचे तंतू एकेक करून काढू लागले. काढायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "तुमा तिघींत माझं काय काम राह्यलं नव्हतं."

ती थांबली, आणखी काही म्हणतील म्हणून.

"तू मला विचारायचीस. कुठं अडलीस की विचारायचीस. मंग विचारायची बंद झालीस. मी येऊन बसायचो, तर तुमी वर बी बघायच्या न्हाईत. त्या दुकानदारानं पुस्तकं हातात दिली, मी गाडीत उघडून पाह्यली. मला त्यातलं निम्मं कळंना. वाटलं, आता हे बी घरात नेलं तर मी कोण."

हे त्यांनी खरं सांगितलं होतं. उषाबाईला ते जाणवलं आणि म्हणूनच जास्त लागलं. खोटं बोलले असते तर निदान भांडता आलं असतं. तिला आठवलं की ते भाकरी वाढून घ्यायचे तेव्हा आपण सरकीतून डोळे वर काढत नव्हतो. तेवढं आपलं चुकलं असेल. पण त्याच्या बदल्यात त्यांनी दहा वर्षांच्या पोरीचं वर्ष घेतलं होतं, आणि तिला दाराबाहेर बघत बसलेली ते रोज सांजेला बघत होते.

"तुमी मला म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मला शिकव म्हणायचं होतं. मी शिकवलं असतं तुमाला."

बायकोला असं म्हणायचं रामरावांच्या डोक्यात आलंच नसावं.

गोजरबाईनं शब्द पाळला. चौथा भाग आठवड्याच्या बाजाराला आलेल्या माणसाबरोबर तिनं पाठवला. समासात भुजंगानं बैलांची शिंगं काढली होती. सुंद्राला ती आवडली, कौसानं त्यांना डोळे काढले. पुस्तक पुरं व्हायला दोन वर्षं लागली. त्यानंतर सोयरीक झाली, ती उषाबाईनं आपणहून निरोप धाडला म्हणून झाली. गोजरबाईवर तिचा विश्वास बसला होता. आपल्याच घरातल्या माणसावरचा मात्र उडाला होता. जालन्याहून काही आणायचं असलं तर ती मैमूनाच्या नवऱ्याला, अलीमभाईला सांगायची. रामराव समोर बसलेले असले तरी त्यालाच सांगायची. घरात भांडण कधी झालं नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो संसार पहिल्यासारखाच दिसला असता.

सुंद्रा सासरी गेल्यावर ओसरीत कौसा एकटीच शिकायला उरली. एका दुपारी रामराव जिनिंगवरून लवकर आले आणि दाराशीच उभे राहिले. उषाबाई त्रैराशिक सांगत होती. मी बसू का, त्यांनी विचारलं.

"बसा की," ती म्हणाली. "घर तुमचंच हाये."

ते कौसाच्या शेजारी मांडी घालून बसले. कौसानं आपली पाटी त्यांच्याकडं सरकवली. उषाबाईनं गणित वाचलं, आणि त्यांच्यासाठी न थांबता ती पुढच्या ओळीवर गेली.